ओरान ते कासाब्लांका, ट्यूनिसमार्गे

लाडक्या नजात,

गुडघा धरला म्हणून तुझ्या लेकीच्या लग्नाला आले नाही, असं मी फोनवर सांगितलं. ते खोटं होतं गं.

तुला कासाब्लांकाला दिली तेव्हा ओरानहून दीड तासाचं विमान होतं. आपल्या दोन देशांचं बिनसून थेट विमानं बंद झाल्यापासून तू पश्चिमेला आणि तुझ्याकडे यायला मी निघते पूर्वेला! तरी मी ट्यूनिसपर्यंत आले होते. तिथे सात तास बसले. मग कळलं की पुढचं विमान लहान आलंय, काहींना उद्या जावं लागेल. मला जागा मिळाली, शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या सलवाला नाही. तिचे वडील तुमच्या गावच्या इस्पितळात शेवटच्या घटका मोजत होते.

"खाला, तुम्ही कशाला निघालात?" तिनं डोळे पुसत विचारलं.

"भाचीच्या लग्नाला," म्हणाले आणि माझी मलाच लाज वाटली. काउंटरवर जाऊन माझी जागा तिला द्यायला लावली. दुसऱ्या दिवशी पोचेपर्यंत नवरी सासरी गेली असती, म्हणून घरी परतले.

नंतर सलवाचा फोन आला. "बाबांनी मला ओळखलं, खाला. शेवटपर्यंत हात सोडला नाही."

हे वाचून तू मात्र फोन करशील, म्हणशील, "परकीसाठी सख्ख्या बहिणीला टाकलंस?" आणि फोन आपटशील. म्हणून हे पत्र पेटीत टाकत नाही. गुरुवारी मीच येतेय, समोर बसून सांगेन. चिडलीस तरी उपाशी थोडीच ठेवशील!

तुझी थोरली,
यमीना