अप्पांच्या शंभर फेऱ्या

लातूर, शुक्रवार

तीर्थस्वरूप माणिकप्पा दाजींना गुरुलिंगाचा शरणार्थ.

तिकडं नांदेडला तुमची साखर काबूत असंल, आमच्या गुरम्मा अक्काचं पित्त शांत असंल, असं धरून चालतो. आमची खुशाली विचारू नका. तुम्ही सासऱ्यासाठी प्रेमानं धाडलेल्या वॉकरनं आमचं वाटोळं केलं.

सुदर्शनचं लगीन माघात. पोराला माडीवर वेगळी खोली पायजे (व्याह्यांनी माझ्या तोंडात पेढा असताना कबूल करून घेतलं, न्हाई म्हणायला तोंड मोकळं नव्हतं). खोलीला महापालिकेचा परवाना लागतो, आणि परवान्यावर आता नवा आकार निघालाय. म्हणजे असं, की तुम्ही बांधणार, त्यानं वर्दळ वाढणार, तर रस्ता रुंद करायचा, सिग्नल बसवायचा खर्च थोडा तुम्ही उचला. बरोबर हाय की! मी कुठं न्हाई म्हणलो? अर्जात दोनच रकाने, घरातल्यांच्या रोजच्या फेऱ्या किती आणि वाहन कोणतं. मी दुकानात गिऱ्हाइकांत अडकलेलो, म्हणून अर्ज अप्पांनी भरला. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलेला माणूस! गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरनं त्यांना अंगणात रोज शंभर फेऱ्या मारायला सांगितल्यात, त्या त्यांनी इमानदारीनं लिहिल्या. वाहन? तुमच्या वॉकरला चाकं चार. लिहिलं, चारचाकी.

आता कॉम्प्युटरच्या हिशोबानं आमच्या दारातून रोज शंभर मोटारी सुटतात. एवढी वर्दळ मंगल कार्यालयाला धरतात म्हणं. आकार आला एक लाख ब्याण्णव हजार, आणि खोलीच तीन लाखांत बसत होती! दुरुस्तीसाठी मी हापिसात चपला झिजवल्या (या फेऱ्या कुठल्या रकान्यात टाकायच्या, हे विचारायची हिंमत झाली न्हाई). साहेब भला माणूस. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण म्हणाला, ज्यांनी भरलं त्यांनीच आकडा चुकलाय असं सही करून द्यावं. सोमवारी अप्पांना सांगितलं, तर म्हणाले, "आकडा बरोबर हाय. मोजून बघ." घ्या! पार टेकीला आलो, दाजी. खोली न्हाई तर लगीनही अडतंय.

तुमचा बेजार मेहुणा,
गुरुलिंग

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. जावयाचा शब्द अप्पा मोडत न्हाईत. तेवढी त्यांची सही मिळवून द्या.

आणखी ता. क. दाजी, वरचं खोडलं समजा. पाकीट चिकटवायला बसलो तर अप्पांनी सही केलेला कागद पुढं ठेवला. रोजच्या फेऱ्या: शून्य. मला वाटलं, म्हाताऱ्यानं नातवासाठी खोटं लिहिलं. बायको म्हणाली, खरंच लिहिलंय, मंगळवारपास्नं अप्पा खुर्चीवरून उठलेच न्हाईत. मी हापिसाच्या नादात, मला पत्ताच न्हाई. न चालता बसले तर गुडघा कायमचा आखडंल, असं डॉक्टरनं बजावलं होतं. लई लाज वाटली. कागद फाडला. आकार भरतो, खोलीवर स्लॅबऐवजी पत्रे टाकतो, व्याह्यांना काय म्हणायचं ते म्हणू द्या. तुम्ही पत्र मिळताच फोन करा आणि अप्पांना तेवढं उठवा. फेऱ्या मोजायला मी बसतो.