पत्र्यावरचं रगात

क्रांती,

कॉलेजातनं आल्यावर रगात बघून घाबरू नकोस. ते दानिशचं हाय, मीच काढलंय. टाके घालायला त्याला आष्ट्याला घेऊन चाललोय. तुजा पिवळा टॉवेल डोक्याला दाबून त्यो भाईर गाडीपाशी उभा हाय, म्हणून घाईत लिवतोय.

तू म्हणत हुतीस, चार पैसं देऊन कॉम्प्युटर दानिशकडनंच जोडून घेऊ. मी म्हणालो, पलटणीत डोळं बांधून रायफल जोडलीय, ह्या डब्याचं काय घेऊन बसलीस! जोडला बी. पर दोन मिन्टांत तापून बंद पडायचा. शेवटी आज त्यालाच बोलावलं. त्यानं आतला पंखा काढला, त्याच्या बुडाचा प्लास्टिकचा कागद सोलून दावला आनि हसला. "आवं काका, ह्यो आधी काढायचा असतोय." एवढंच म्हणाला. माज्या हातात डब्याचा पत्रा हुता. त्योच त्याच्या डोक्यात घातला.

रगात गळत असताना बी त्यानं पंखा परत बसवला. तुजा कॉम्प्युटर आता चालू हाय.

त्यानं पोलिसात केस केली तर करू दे. पत्रा तू पुसू नकोस. मी येऊन पुसतो.

तुजी आई सा वर्सांनी परवा आटपाडीस्नं घरी येनार हाय. तिला ह्यातलं काय सांगू नकोस, असं लिवनार हुतो. पर सांग. म्हणावं, येऊ नकोस. आबा अजून तसाच हाय.

आबा