तुपेत

१४ ऑक्टोबर, सकाळ
केसांचा टोप तयार होऊन आला. बायको ब्रोन्का गेल्यापासून तिची लग्नाआधीची वेणी कपाटात नुसतीच पडून होती, तीच कारागिराला दिली. ब्रोन्काला काटकसर आवडायची. आता टक्कल झाकलं. लायब्ररीतल्या भाषणानंतर वरच्या मजल्यावरच्या कोर्नेलियाबाईंना सरळ लग्नाचं विचारणार. भीती कसली?

भाषणाचा विषयही योग्य निवडलाय: ‘तुपेत’ हा शब्द. आपण पोलिश माणसं धिटाईला, खरं तर आगाऊपणाला, तुपेत म्हणतो. फ्रेंचांकडून आलेला शब्द. तिकडे मूळ अर्थ, कपाळावरची झुलपं. आपल्याकडे टोपालाही तुपेतच. म्हणजे धिटाई शेवटी केसांतच.

१७ ऑक्टोबर
टोप भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. सकाळी पलंगाकडे वळलेला. हीटरमुळे होत असेल. बाथरूममध्ये कॅमोमाइलच्या फुलांचा वास. ब्रोन्का ती फुलं उकळलेल्या पाण्याने केस धुवायची. प्लंबरला बोलवायला हवं.

२१ ऑक्टोबर
मुलगी याग्ना कोबीचं सारण भरलेल्या पिएरोगी घेऊन आली. टोप कुठून आणला, विचारलं. वॉर्सातून, म्हणालो. तिने हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. जेवली नाही. डाएट करत असणार.

२८ ऑक्टोबर
भाषण उत्तम. नऊ-दहा माणसं, पण निवडक. कोर्नेलियाबाई पुढेच. कुणीतरी विचारलं, मग तुपेत म्हणजे हिंमत की निर्लज्जपणा? मी म्हणालो, स्वतःचं असलं की हिंमत, दुसऱ्याचं असलं की निर्लज्जपणा. हशा.

तेवढ्यात मानेवर बोटं फिरली. मी शाळेत शिकवायला निघालो की ब्रोन्का माझे केस सारखे करायची, अगदी तशी. मागे फक्त फळा. ‘पुरे गं, उशीर होतोय,’ असं मी मोठ्याने म्हणालो म्हणे. कोर्नेलियाबाईंनी नंतर विचारलं, सर, कुणाशी बोलत होतात? घसा खवखवतोय, म्हणालो. लग्नाचं विचारणं लांबणीवर. घशाची काळजी आधी.

१ नोव्हेंबर, दुपार
सर्व संतांचा दिवस. कब्रस्तानात दिव्यांची दाटी. ब्रोन्काच्या थडग्यावरची पानं याग्नाने झाडली, मेणबत्ती लावली आणि मान वर न करता म्हणाली, “ती वेणी आई मला देणार होती, बाबा. ती डोक्यावर घालून तुम्ही तिच्यासमोर उभे राहिलात. काय तुपेत आहे तुमचं.”

यातला कुठला अर्थ, ते विचारलं नाही. टोप काढून तिच्या हातात दिला. तिने तो कोटाच्या आत, छातीशी धरला. डोक्याला फार गार लागलं.

३ नोव्हेंबर
कोर्नेलियाबाई स्वतःच खाली आल्या. टकलाकडे बघून म्हणाल्या, असेच बरे दिसता की. मग हातमोज्यांशी चाळा करत, रविवारी जेवायला याल का? आपण दोघंच.

मी अगदी सहज, आत्मविश्वासाने उत्तर दिलं. ब्रोन्काला विचारून सांगतो, म्हणालो.

त्यांनी हातमोजे घातले आणि जिन्याने वर गेल्या.