ब तुकडा, बिनपाण्याचा

१४ नोव्हेंबर १९७२
दोन्ही पाट्या आज माझ्याच हातानं रंगवल्या. पत्रा काळा, अक्षर पांढरं. 'अ' म्हणजे पाण्याचा तुकडा — दर आठव्या दिवशी प्रत्येक रोपाला एक तांब्या. 'ब' म्हणजे बिनपाण्याचा. त्याला थेंबसुद्धा नाही! दोन्हीकडे कडुनिंब आणि अंजन मिळून दोनशे-दोनशे रोपं. टेकडी जंगल खात्याची, पद्धत कॉलेजच्या गंधे साहेबांची, रोपं आणि माणसं आमच्या वनसंवर्धन प्रतिष्ठानची. मोजदाद माझी. साहेब तीनदा म्हणाले, "बनूबाई, आकडा खोटा निघाला तर सगळंच खोटं." तीनदा कशाला? मला एकदा पुरतं.

ब चं पोट जरा वाकडं आलंय.

१५ नोव्हेंबर
ब पुन्हा रंगवली.

२ डिसेंबर
आईला टेकडीवर मजुरीला घेतलं. मी शब्द टाकला नव्हता, चिटणीस रंगनाथरावांनी आपणहून घेतलं — हे इथं लिहून ठेवते. वडील आणि दादा बेलापूरकडे ऊसतोडीला गेलेत. पाऊस झालाच नाही, गावात दुसरं काम नाही. सहाजणी विहिरीवरून पाणी आणून अ ला घालतात. संध्याकाळी प्रत्येकीला घरी न्यायला एक हंडा पाणी.

शेजारची लंकाबाई भारी बोलते. "मास्तरीनबाई, झाडं मोजता, आमाला बी मोजा की! कोन जित्ती हाय, कोन वाळली, कळंल तरी." सगळ्या हसल्या. आई नाही हसली. माझ्या वहीकडे बघत होती.

१० डिसेंबर
वह्या ठेवायला जुनी ट्रंक काढली. वरचं 'ब' अजून तसंच आहे. नगरच्या वसतिगृहात चाळीस ट्रंकांतून आई माझी बरोबर ओढून काढायची. "ही बनूची." तेवढं एकच अक्षर तिला येतं. चुलीपुढच्या राखेत मीच शिकवलं होतं. पुढं शिकवायचं राहून गेलं.

३१ डिसेंबर
मोजदाद. नखानं साल किंचित खरवडायची, खाली हिरवं दिसलं तर जिवंत.
अ — १९१. ब — १८४.
पुन्हा मोजली. १८४!

२८ जानेवारी १९७३
अ १८६, ब १७९. गंधे साहेब आले, ब मध्ये उकिडवे बसले, एकेक पान उलटून पाहत राहिले. "बिनपाण्याची एवढी! उन्हाळ्यापर्यंत टिकली तर पुढच्या वर्षी उघड्या डोंगरांवर अशीच पन्नास हजार लावू." कॉलेज तीन वर्षांचा करार करील म्हणून रंगनाथराव खूश. मला मात्र धडकी भरलीय. मोजण्यात चूक तर नाही ना माझी?

घरी पाणी पुरत नाही. आईचा हंडा रोज अर्धाच येतो. "ठेचाळले गं." रोज कसं ठेचाळतं माणूस? मला आधी देते, स्वतः उरलं तर पिते. तिचे ओठ फुटलेत.

१८ फेब्रुवारी, रविवार
सगळं गाव बाजाराला गेलेलं. पेन्सिल विसरले होते म्हणून टेकडीवर गेले.

ब तुकड्यात आई होती. कडेवर हंडा, हातात तांब्या. पाणी घालायची, वर कोरडी माती ओढायची, त्यावर दगड ठेवायची. ओल दिसू नये म्हणून! मग पुढचं रोप.

"आई! हे काय चाललंय?"
पोर चोरी करताना सापडावं तशी दचकली. "मरत्यात गं ती."
"मरायचीच आहेत! त्यासाठीच लावलीत!"
"मंग तुझं कसं व्हायचं?"
"माझं काय?"
"तुझीच हायेत न्हवं?"
"माझी कसली? संस्थेची आहेत. तुला काही कळत नाही!"

असं म्हणाले मी तिला. तसंच्या तसं लिहून ठेवते. तिनं हंड्यातलं उरलेलं पाणी घरी आणलं आणि माझ्यापुढं ठेवलं.

२० फेब्रुवारी
रंगनाथरावांना सांगितलं. चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. "तहानेल्याला पाणी घातलं, पुण्यच केलं बाईनं. सोडून द्या. अहवाल जाऊ दे की असाच."
मी म्हटलं, "आणि ती पन्नास हजार?"
"तुम्ही फार विचार करता, बनूबाई."

२३ फेब्रुवारी
गंधे साहेबांना अहवाल लिहिला. एका वाक्यावर दुपार गेली. आधी लिहिलं — 'मजूर बाईने नियम मोडून.' खोडलं. नियम मोडला म्हणजे गुन्हा झाला. मग लिहिलं — 'मजूर बाईच्या अज्ञानामुळे.' अज्ञानाला कोण शिक्षा करील? नाव घातलं नाही. पण नाव नसलं तर सहाहीजणींवर संशय! मग घातलं. रंगुबाई. माझी आई, हेही.

आपल्या हातानं टाकलं पत्र पेटीत. पडल्याचा आवाज आला. तरी आत वाकून पाहिलं.

१० मार्च
उत्तर आलं. ब तुकडा अभ्यासातून वगळला. करार तूर्त नाही. माझ्या सचोटीचं कौतुक, चार ओळी.
आईला कमी केलं.

१२ मार्च
आई दुष्काळी कामावर, रस्त्याच्या खडीला. म्हटलं, मी बोलू का रंगनाथरावांशी? "नगं. तुझं हाय ते सांभाळ." भाकरी फडक्यात बांधून निघाली. माझ्याकडे न बघता.

२ एप्रिल
ब वगळलाय, तरी मोजला. ४१. नखाखाली सगळं तपकिरी. म्हणजे बिनपाण्याची जगत नाहीत. हा आकडा खरा आहे. खरा आकडा इतका कोरडा असतो!

परतताना लंकाबाई वाटेत भेटली. या खेपेस मास्तरीणबाई म्हणाली नाही.

९ एप्रिल
खडी फोडताना आईच्या उजव्या डोळ्यात कपची उडाली. लंकाबाई धावत सांगायला आली. मुरमाच्या ट्रकमधून नगरला आणलं. डॉक्टर म्हणाले, हा डोळा गेला. डाव्यात आधीच फूल पडलंय — उजेड-अंधार तेवढा कळेल. गॉगल देत नाहीत का तिथं, असं मलाच विचारत होते.

११ एप्रिल, नगर, दवाखाना
डोळ्यांवर पट्टी. आज पहिल्यांदा बोलली.
"बनू, वाचली का गं तुझी झाडं?"
"माझी कुठली, आई?"
"पाटीवर तुझं नाव हाय की. ट्रंकंवरचं. म्या पयल्याच दिशी वळखलं. त्या दुसऱ्याच्या झाडास्नी पानी, अन् माझ्या लेकीच्या वाट्याला कोरडं. असं कसं बघू?"

अहवालात मी लिहिलंय — अज्ञानामुळे.