कळमेश्वरचे दोन चंद्र

नागपूर,
१४ डिसेंबर २०२५

चि. करिष्मा हिले आईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडं बरे आहो. थंडी जोरात आहे. तुरीच्या शेंगा आल्या, काल सोलेभात केला. तुझे बाबा आता दुकान अर्धा दिवसच उघडते. सीताबर्डीत गाडी ठेवायलेच जागा मिळत नाही, मग गिऱ्हाईक येईन कुठून?

फोन नाही केला. फोनवर मले काही बोलता आलं नसतं. ही चिठ्ठी शेजारच्या मैनाबाई पुन्हा शूटिंगले येतील तेव्हा तुझ्या हातात देतील. तुमच्या सिनेमाच्या दुसऱ्या भागासाठी म्हाताऱ्या माणसांची गर्दी पाहिजे होती, म्हणून त्या कळमेश्वरले गेल्या होत्या. येऊन सांगत होत्या, बाहेरून बंद कारखान्याचं गंजलेलं शेड दिसते, अन् आत दुसरं जगच आहे. लाल मुरमाचे डोंगर, काचेची झाडं, भिंतभर आभाळ, अन् त्यात दोन चंद्र. एक उगवून राहिला, एक मावळून राहिला. जहाज एवढं उंच की मान मागं टाकली तरी शेंडा दिसत नाही. झाडाले हळूच हात लावला तर प्लास्टिकचा पाइप निघाला. ते कळलं, तरी अंगावरचा काटा काही गेला नाही.

आता किती खोटं लिहू? तो काटा मैनाबाईच्या नाही, माझ्या अंगावर आला होता. मीही गेली होती.

तू शहरात आली हे पेपरातल्या फोटोवरून कळलं होतं. घरी येशील असं वाटलं नव्हतंच. कॉलेज सोडून सिनेमाचे सेट बनवायले निघाली तेव्हा बाबा म्हणाले होते, गेली तर हे घर विसर. तूही त्यांचीच पोरगी, वळून पाहिलं नाही. मले फक्त तुले एकदा दुरून पाहायचं होतं.

आमच्या तोंडाले निळा रंग लावला, डोक्यावर रबराचा शिंगवाला टोप चढवला. मैनाबाईले मीच ओळखलं नाही, तर तू मले काय ओळखणार! वर अंगावर शाल दिली. तिचा काठ पाहिला अन् माझे डोळे भरले. तुझ्या आजोबांच्या हातमागावर निघायचा तोच दातेरी करवती काठ. तो तू दुसऱ्या ग्रहावर नेला, बाई!

मग तू दिसली. हातात माइक, कमरेच्या पट्ट्याले कात्र्या लटकलेल्या. "तो दुसरा चंद्र थोडा खाली घ्या," म्हटलं, अन् चंद्र खाली आला. खरंच आला वं! माझी पोरगी चंद्राले ये म्हणते अन् तो येते. मी तोंडावर हात ठेवणार होती, पण रंग ओला होता.

मग आम्हाले तू समजावलं. सूर्य विझत चालला आहे. तरुण पोरं जहाजानं दुसरीकडं निघाली, म्हातारे मागं राहणार. "ती तुमचीच मुलं आहेत. त्यांना अडवायचं नाही, हाका मारायच्या नाही. फक्त बघायचं." मोठे पंखे सुरू झाले, धूळ उडाली, जहाजाचं दार लागायले लागलं. माझ्या बाजूचा म्हातारा जहाजाकडंच पाहून राहिला होता. डोळ्यांतून पाणी, अन् गालावरचा निळा रंग वघळून दाढीत.

शॉट थांबला. मेकअपवाली दूर होती, म्हणून तूच धावत आली. "काका, रडू नका नं, रंग जाऊन राहिला." मुंबईच्या माणसांत राहूनही बोली नाही सोडली तू. त्यानं मान खाली घातली. तू त्याचा सरकलेला टोप नीट बसवला, बोटानं गालावर रंग लावला. तुझ्या अंगठ्याले पट्टी होती. तो एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर तू आवाज ओळखला असता.

करिष्मा, ते तुझे बाबा होते.

मैनाबाई बोलवायले आल्या तेव्हा मीच यांच्या भीतीनं नको म्हणत होती. हे आतून म्हणाले, "म्हातारे पाहिजे नं? मग माझंही नाव सांगा."

पुन्हा शॉट झाला. दार लागताना त्यांनी हात वर केला. तू तसं सांगितलं नव्हतं. पंख्यांच्या आवाजात कोणाले ऐकू गेलं नसन, पण मी बाजूलेच होती. म्हणत होते, "जा बेटा. नीट जा." डायरेक्टर ओरडला, "तो हात राहू द्या!" म्हणजे तो हात आता सिनेमात राहीन.

परत येताना बसमध्ये हे खिडकीशी बसले. फेटरी गाव मागं पडल्यावर म्हणाले, "तो चंद्र खरा नव्हता नं वं?"

"नव्हता."

"मग माझं मन काहून मानत नाही?"

माझंही मानत नव्हतं. नेहमीचाच रस्ता, नेहमीचाच अंधार, पण खिडकीतून पाहिलं तर सारं आभाळच कोणीतरी आत्ता बनवून टांगल्यासारखं दिसत होतं. थोड्या वेळानं म्हणाले, "एवढं सारं त्या एका पोरीच्या डोक्यात होतं, अन् आपल्याच घरात होतं, मले कधी दिसलं नाही." मग मान खिडकीकडं वळवली, ती घर येईपर्यंत तशीच.

तुले सांगू नको म्हणाले होते. मी चोरून लिहायले बसली, तर आता समोर खुर्ची ओढून बसले आहे. मी म्हटलं, मग तुम्हीच लिहा. यांनी खिशातला पेन काढला आहे.

अंगठ्याची काळजी घे.

तुझी आई,
रंभा

करिष्मा,
टोप तू बसवल्यावर मग हलला नाही. तुझं काम फार मोठं आहे. मी चूप राहिलो, कारण तू कामात होती. काम झालं की घरी ये.
तुझा बाबा