साहेबाच्या कबरीला बोललेला नवस

तीर्थरूप प्रमिला अक्कास,

असोद्याहून धाकट्या हिलालचा पाय धरून नमस्कार. (ऑपरेशनवाला पाय आहे म्हणून हळूच धरला आहे.) तू आता काठी न घेता दोंडाईचाच्या बाजारात जातेस, असं तुझ्या सुनेने, ज्योतीने, फोनवर सांगितलं. ऐकून बरं वाटलं आणि काळजीही लागली, कारण तुझा नवस अजून फिटलेला नाही.

झालं असं, की जळगावला तुझं ऑपरेशन चालू असताना मला दवाखान्यात बसवेना. मागच्या जुन्या चर्चच्या आवारात गेलो. चिंचेखाली पांढऱ्या दगडाचा ओटा, वर ताजी फुलं. कोण्या महाराजांची समाधी समजून हात जोडले आणि बोलून गेलो, की अक्का चालू लागली तर स्वतः चालत येऊन नारळ फोडेल. तिथे झाडणारी मोतीबाई हसायला लागली, "आबा, हाऊ देव नही, साहेब शे!"

अक्का, इंग्रज साहेबाची कबर निघाली ती, घाबरलोच. पण ती जागा काय सांगू! एका कबरीवर पंखवाली दगडी बाई, पिसं अशी कोरलेली की वारा आला तर हलतील. एका रेल्वे ड्रायव्हरच्या कबरीवर आख्खं इंजिन, चाकांसकट. एका तान्ह्या लेकराच्या कबरीवर नुसती दगडी उशी, मधोमध डोक्याचा खळगा. (तिथे मी टोपी काढली.) आपल्या गावचा डांबरी रस्ता एक पावसाळा काढत नाही, आणि त्या दगडांवरची अक्षरं इंग्रजांच्या वेळेपासून उन्हात उभी आहेत.

माझी शाळा चौथीत सुटली आणि इंग्रजी पाचवीत होतं, म्हणून पुढच्या खेपेला नातू भूषणकडून साहेबाचा दगड वाचून घेतला. साहेब घोड्यावरून पडला, पाय मोडला, त्यातच गेला. म्हणजे ज्याचा स्वतःचा पाय बरा झाला नाही, त्याच्याकडे मी तुझा पाय मागून बसलो! त्या दिवशी जेवण गेलं नाही. मग वाटलं, पायाचं दुखणं त्याच्याइतकं कोणाला कळणार? आणि ऐकलंच की त्याने.

तू मात्र ज्योतीकडून मला निरोप धाडलास, "त्याले सांग, मी तठे पाय ठेवाव नही." अक्का, पायाचं नाव घेऊन असं बोलू नये. पाद्रीबाबा म्हणाले, इथे नवस नसतो, नारळ नको. अक्कांना आणा, मेणबत्ती लावा, निवांत बसा. नारळ आपण घरी फोडू. शनिवारच्या गाडीने ये, मी स्टेशनवर उभा आहे.

तुझा,
हिलाल

ता. क. फाटकापासून कबरीपर्यंत चालावंच लागेल, तसं बोललो आहे. माझा हात धरलास तर चालेल. हाताचं काही बोललेलो नाही.

आणखी ता. क. नवस फिटेपर्यंत मी वांग्याचं भरीत सोडलं आहे. शेजारचा वना कालपासून कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजतो आहे आणि धूर सरळ माझ्या ओसरीवर येतो. अक्का, शनिवार राहू दे. उद्याच ये.