हलका नको, बेन

१६ नोव्हेंबर

दोन्ही हातांनी उचलावा लागला! श्रीकांतने कंपनीतल्या रघुनाथचा लॅपटॉप गलोंड्याहून घरी आणला – मला दाखवायला. माझ्यासाठी अगदी असाच घ्यायचा म्हणतो. चार्जरच अर्ध्या विटेएवढा.

"एकदाच घ्यायचा, तर भारी घेऊ."

पूजा लगेच, "कसला भारी आहे, आई! माझे प्रोजेक्ट पण होतील यावर."

जागाही ठरली आहे. हॉलमध्ये, टीव्हीशेजारी.

कादंबरी अजून फोनवरच लिहिते, अंगठ्याने. शाळा सुटल्यावर, रिकाम्या वर्गात. घरी एक ओळ होत नाही. कुकर, दाराची बेल, पूजाची हाक. बरोबर नेता आला नाही, तर ही कादंबरी अशीच राहील. हे बोलले नाही. एवढंच म्हणाले, जड आहे.

"तू नेणार आहेस कुठे?"

१७ नोव्हेंबर

स्वप्नात तो लॅपटॉप हॉलमध्ये होता. वर विणलेलं कव्हर, कव्हरवर रिमोट, रिमोटशेजारी कोथिंबिरीची जुडी. सगळे त्याच्याभोवती जेवत होते. मी वाढत होते.

२० नोव्हेंबर

काही नाही. दमणगंगेवर धुकं. पुलावरची माणसं अर्धीच दिसत होती.

२३ नोव्हेंबर

आमलीतल्या दुकानात गेलो, तिघं. दुकानदार भावेशभाई, गुजराती. मी म्हणाले, हलका दाखवा.

त्यांनी छातीवर हात ठेवला. "हलका माल आपण ठेवतच नाही, बेन!"

पूजा खो-खो हसली. श्रीकांतही हसला – जरा जास्तच.

"वजनाला हलका हो."

"अच्छा, वजनमां!" मग कुठून तरी काढला. राखाडी, पातळ. एका हातात मावला. हात तसाच वर राहिला. पूर्ण भरलेली समजून रिकामी कळशी उचलावी, तसा.

"पण हा मीडियम आहे, बेन," भावेशभाई म्हणाले. माझ्याकडे नाही, श्रीकांतकडे बघत. "लिखापढीला बस. साहेबांना चालेल?"

साहेब मोठ्या लॅपटॉपच्या पडद्यावरून बोट फिरवत होता. त्यात समुद्र होता, फार निळा.

"मला चालेल," मी म्हणाले. आवाज दुकानात उगाच मोठा झाला.

राखाडीच घेतला. परत येताना स्कूटरवर पिशवी माझ्या मांडीवर होती. आहे की नाही, दोनदा चाचपून पाहिलं.

२५ नोव्हेंबर

रघुनाथ आला होता. चहा पिता पिता, "काय वहिनी, हलक्यावर भागवलंत म्हणे! हा तर कंपनीभर सांगत होता, बायकोला भारी घेणार."

श्रीकांत बिस्किट बुडवत राहिला. बिस्किट कपातच पडलं.

वर्गात मुलांना हा शब्द इतक्या वेळा शिकवला. हलकं म्हणजे वजनाने कमी. हलकं म्हणजे कमी प्रतीचं. दोन्ही अर्थ एकाच घरात नांदतात, हे शिकवलं नव्हतं.

२९ नोव्हेंबर

वासोण्याला गेले. एकटी! सिंहांच्या सफारीच्या बाहेर, रस्त्यापलीकडे एका झाडाखाली बसले. लॅपटॉप मांडीवर, ऊन पाठीवर. खूप वेळ नुसता पांढरा पडदा. त्यात पानांच्या सावल्या हलत होत्या. वाटलं, त्याच लिहितील.

मग कुंपणाच्या आत, लांब कुठेतरी सिंह ओरडला. डरकाळी कसली – झोपेत कुणी कूस बदलावी तसा आवाज. माझी बाई, कादंबरीतली, इतके दिवस दारात उभी होती. ती उंबरा ओलांडून बाहेर आली. मी फक्त तिच्या मागे गेले. किती लिहिलं, कळलं नाही. बोटांना माती लागली होती – कुठून, आठवत नाही.

घरी आले तेव्हा दिवे लागले होते. टेबलावर दोन कप. एकावर बशी झाकलेली. चहा गार.

"किती वेळ!" श्रीकांत म्हणाला.

"लिहीत होते."

तो टीव्हीशेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत होता. ती जागा त्याने अजून भरलेली नाही.

"जड असता, तर घरातच राहिला असता."

"लॅपटॉप?"

तो उठून कप विसळायला गेला. नळ बराच वेळ चालू होता.

३० नोव्हेंबर

आज गेले नाही. हॉलमध्ये बसून लिहून पाहिलं. बाई परत दारात.

६ डिसेंबर

निघताना पिशवी उचलली – हात खाली गेला. आत बघितलं. दोन संत्री, पाण्याची बाटली, घडी घालून त्याचा मफलर. थर्मास. त्यात चहा, गरम.

श्रीकांत बाल्कनीत पाठमोरा. "जड झाली का?"

"भारी झाली," मी म्हणाले. आणि खांद्याला लावली.